लाल, पांढरं, निळं आणि मधेच गुलाबी: माझं ४ जुलैचं ट्रायफल

गेली सहा वर्षं ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आमच्या गल्लीतल्या पार्टीला मी चिप्स आणि साल्सा नेत होते. कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण बाकीच्यांच्या घरून काय काय येतं आणि आपण दुकानातली पिशवी फोडून ठेवतो, हे मलाच खटकायला लागलं होतं. त्यात यंदा लेकीने मला न विचारता सगळ्यांना सांगून टाकलं की माझी आई ट्रायफल करणारे. कुठून आलं हे डोक्यात, तर म्हणे शाळेत एकीच्या आईने आणलं होतं, काचेच्या भांड्यात, बाहेरून थर दिसतात, लाल पांढरे निळे, झेंड्यासारखे. समोरच्या घरातल्या बाई लगेच त्यांचं पाय असलेलं, सरळ काठाचं काचेचं भांडं घेऊन आल्या, तीनेक लिटरचं तरी असेल. दुसऱ्याचं भांडं घरात आलं की मग सुटका नसते, ते रिकामं कसं परत करणार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि सासूबाई वाईहून चार महिन्यांसाठी आलेल्या. त्या अंडं खात नाहीत, अंडं घातलेला केकही नाही. म्हणजे आयता एंजल फूड केक बाद, तो तर नुसत्या अंड्याच्या पांढऱ्यावरच उभा असतो. लेडीफिंगर बिस्किटं पण बाद. नवरा म्हणाला कस्टर्ड पावडर आहे ना घरात, फ्रूट सॅलडसारखं कर. अरे पण कस्टर्ड पिवळं, यांच्या झेंड्यात पिवळा कुठेय?

आईंना मी समजावून सांगितलं की ट्रायफल म्हणजे केक, फळं आणि क्रीमचे थर, मूळ पदार्थ इंग्रजांचा. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे इंग्रजांपासून सुटल्याचा सण आणि करायचं इंग्रजांचंच गोडधोड?" मला यावर उत्तर नव्हतं. पुढचा प्रश्न, "आणि उन्हाळ्यात कसली गं स्ट्रॉबेरी?" त्यांचंही बरोबरच होतं. वाईवरून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, पुढे महाबळेश्वर, आणि तिथली स्ट्रॉबेरी म्हणजे थंडीतलं फळ, स्वेटर घालून क्रीमबरोबर खायचं. इकडे न्यू जर्सीत ती मे-जूनमध्ये येते आणि जुलै उजाडेपर्यंत संपलेली असते, मग दुकानात मिळते ती बहुतेक कॅलिफोर्नियाची. मोठी, लालभडक, आणि कापली की आतून पांढरी. वासावरून घ्यायची, रंगावरून नाही, हे मला दोन डबे वाया घालवल्यावर कळलं.

ब्लूबेरीचं मात्र उलट. ती नेमकी याच वेळी इथे भरात असते आणि ती इथलीच आहे. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत ब्लूबेरी रानातूनच वेचून आणायचे, शेतात लावून कोणी करत नव्हतं. न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट म्हणून एक बाई होत्या, घरची क्रॅनबेरीची शेती. त्यांनी आसपासच्या लोकांना पैसे देऊन रानातली मोठ्यात मोठी फळं लागणारी झुडपं शोधून आणायला लावली आणि फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी शास्त्रज्ञाबरोबर त्यांचा संकर केला, १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला. हे मला माहीतच नव्हतं, हॅमंटनकडच्या एका शेतावर आम्ही स्वतः तोडायला गेलो तेव्हा कळलं. तिथे आईंची कळी खुलली. करवंदं तोडलेला माणूस तो, पाच मिनिटांत त्यांनी युक्ती काढली, ओढायचं नाही, अंगठा नुसता फिरवायचा, पिकलेली असेल ती आपणहून हातात पडते, देठापाशी लालसर कडा असेल तर अजून कच्ची. "चीक नाही, काटे नाहीत, ही कसली तोडणी," असं म्हणत बाईंनी एकटीने अर्धी बादली भरली.

घोळ घरी आल्यावर झाला. आईंनी प्रेमाने सगळ्या ब्लूबेऱ्या मिठाच्या पाण्यात घालून, द्राक्षं धुतात तशा चोळून चोळून धुवायला घेतल्या. द्राक्षावर जी पांढरट पावडर दिसते ना, तशीच ब्लूबेरीवर असते, ती औषधाची नाही, फळाचंच नैसर्गिक मेण असतं, आणि तिचा निळेपणा आहे तो सगळा त्या मेणामुळे. चोळलं की ब्लूबेरी काळी दिसायला लागते. निम्म्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आता सांगायचं कसं? "आई, राहू द्या, बाकीच्या मी करते," म्हणून बादली हळूच ओढून घेतली. त्यांना कळलंच, पण त्या काही बोलल्या नाहीत. काळ्या झालेल्या आतल्या थरात घालायच्या आणि निळ्या वर, असं मी मनात ठरवलं. त्या निळ्या फ्रिजमध्ये तशाच ठेवल्या, अगदी वापरायच्या आधी नळाखाली हलक्या हाताने धुऊन टॉवेलवर कोरड्या केल्या.

ट्रायल घेतली २ जुलैला. लेक ऐटीत म्हणाली की आई खरा दिवस आजचाच, कारण फिलाडेल्फियाला भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसमध्ये १७७६ साली स्वातंत्र्याच्या बाजूने मतदान झालं ते २ जुलैला, ४ तारखेला नुसता जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला, आणि तिथले एक पुढारी जॉन ॲडम्स, त्यांनी तर बायकोला पत्रात लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील. म्हटलं बरं झालं, माझा तरी २ जुलैचा अंदाज त्यांच्यासारखा चुकू नये.

चुकला. मी काय केलं, स्ट्रॉबेऱ्या कापून त्यावर साखर घालून मुरत ठेवल्या, कारण सगळीकडे तसंच करतात आणि चवीला ते छानच लागतं. मग भांड्यात खाली केकचे तुकडे, त्यावर फेटलेलं क्रीम, त्यावर त्या मुरलेल्या स्ट्रॉबेऱ्या, पुन्हा केक, क्रीम, ब्लूबेरी. लावलं तेव्हा फोटो काढण्यासारखं दिसत होतं. तासाभराने फ्रिज उघडला तर काचेतून आत सगळीकडे लाल ओघळ उतरलेले, आणि खालचं पांढरं क्रीम चक्क गुलाबी. आमच्या झेंड्याचा बेबी शॉवर झालेला. शिवाय नुसतं क्रीम म्हणून ते खाली बसत चाललं होतं, वरच्या केकच्या वजनाने काठाला फुगे आले होते.

रात्री ते गुलाबी प्रकरण आम्ही चौघांनी खाऊन टाकलं आणि मी बसून विचार केला. साखर घातली की फळातलं पाणी बाहेर येतं, लोणच्याच्या कैरीला मीठ लावलं की येतं तसंच. आणि रस नेहमी खालीच जाणार. म्हणजे स्ट्रॉबेरीच्या खाली क्रीम असेल तर ते रंगणारच, तिथे काहीतरी पिणारं हवं. केक! केकवर स्ट्रॉबेरी, तिच्यावर क्रीम, क्रीमवर अख्खी ब्लूबेरी, कारण अख्खी ब्लूबेरी साल फाटल्याशिवाय रंग सोडत नाही. म्हणजे खालून वर लाल, पांढरा, निळा, मग पुन्हा केकचा थर आणि परत तेच. एवढं साधं होतं. आणि स्ट्रॉबेरीला साखर अजिबात नाही, गोडी केकला पाजायच्या लिंबू-साखरेच्या पाकातून येऊ दे.

क्रीम बसू नये म्हणून लोक क्रीम चीज नाहीतर पुडिंगचं पाकीट घालतात, जिलेटिन घालतात ते तर प्राण्यांपासूनचं, आमच्याकडे चालणारच नाही. आई बाजूला बसून ऐकत होत्या, म्हणाल्या, "चक्का घाल की." मी म्हटलं आंबट होईल. "श्रीखंड आंबट होतं का कधी माझं?" विषय संपला. फुल फॅट दह्याचे ३२ औंसाचे दोन डबे आणले, आईंनी बॅगेतून आणलेलं मलमलचं फडकं काढलं, गाठोडं बांधून चाळणीत, खाली पातेलं आणि वर वरवंट्याऐवजी डाळीचा डबा, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी निम्मं पाणी खाली आणि वर सुरीने कापावा असा चक्का.

३ तारखेला केक. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर आणि अर्धा टीस्पून सोडा, व्हॅनिला. दह्यात आधी साखर विरघळवायची, मग त्यात पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं थांबायचं, फसफसून वर येतं, मग तेल आणि शेवटी मैदा, फार घोटायचं नाही. ३५० फॅरनहाइटला पस्तीसेक मिनिटं. मस्त झाला. एक दिवस शिळा असला तर उलट बरं, पाक पितो पण विरघळत नाही.

४ तारखेला सकाळी आठला क्रीम फेटायला घेतलं, बाउल आणि बीटर फ्रीजरमध्ये ठेवून गार केलेले, सगळं नियमाने. आणि नणंदेचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे संध्याकाळचे साडेपाच, तिची चहाची वेळ. मी फोन आईंना द्यायला गेले, दोन मिनिटं बोलले, मशीन चालूच. परत येते तर मशीनचा आवाजच बदललेला, छपक छपक. आईंनी मान वाकवून बघितलं, फोन हातात तसाच, आणि तिकडे लेकीला सांगतायत, "अगं वहिनीने लोणी काढलंय." पिवळट गोळे आणि खाली पांढरं पाणी. मला रडूच यायचं बाकी होतं, आईंनी मात्र तो गोळा गार पाण्यात धुतला, छोट्या पातेल्यात टाकला आणि गॅसवर ठेवला. इकडे स्वातंत्र्यदिनाचं ट्रायफल आणि घरभर तूप कढवल्याचा वास.

नवऱ्याला दुकानात पळवलं. दुसरं क्रीम दोन कप, यावेळी मशीन नाही, हातातला बीटर, आणि डोळे त्याच्यावर. बीटर उचलला की टोक वर उभं राहून किंचित वाकतं, तिथे थांबायचं. चक्का चाळणीतून घासून घेतलेला, दोन कप, त्यात पाऊण कप पिठीसाखर आणि व्हॅनिला, वेलची नाही, आईंचा हात डब्याकडे गेला होता पण मी थांबवला. मग क्रीम त्यात वरखाली करत हळू मिसळलं. हे जे काही झालं ना, ते नुसत्या क्रीमपेक्षा दसपट बरं लागत होतं, दाट, किंचित आंबट, चमच्यावरून पडायला तयार नाही.

थर लावले बरोबर दहाला, पार्टी पाचला. केक मुरायला पाच-सहा तास तरी हवेत, त्याहून फारच जास्त ठेवलं तर स्ट्रॉबेरी पाणी सोडते, म्हणून आदल्या रात्री लावायचं नाही. काठाला लावायच्या स्ट्रॉबेऱ्यांचे काप पेपर टॉवेलवर टिपून घेतले आणि कापलेली बाजू काचेला चिकटवून उभे केले. क्रीम चमच्याने टाकलं की काच खराब होते, प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून मेंदीच्या कोनासारखं काठाने आधी फिरवायचं आणि मग मधे भरायचं. शेवटी वर पांढरं, त्यावर लेकीने निळ्या ब्लूबेऱ्यांची चांदणी काढली. झेंड्यावर असतात तशा पन्नास चांदण्या काढायच्या होत्या तिला, पाच झाल्यावर ती गेली सायकल चालवायला.

पार्टीत ऊन असं की विचारू नका. इकडे नियम असा की बाहेर ठेवलेलं खाणं दोन तासांत संपवायचं आणि ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकाच तासात. दुधाचा पदार्थ, म्हणून भांडं कूलरमध्ये बर्फात ठेवलं आणि बार्बेक्यू आटपल्यावरच बाहेर काढलं. थर जसेच्या तसे! पांढरा पांढराच. खालच्या केकच्या कडेला थोडी लाली उतरलेली, ती चालते. भांड्याच्या मालकीण बाईंनी दोनदा घेतलं आणि विचारलं या पांढऱ्यात काय आहे, चीजकेक आहे का. मी सांगायला तोंड उघडलं तोवर आईच म्हणाल्या, "चक्का." त्यांनी पण म्हणून बघितलं, "चाका". आईंनी सुधारलं. तीन वेळा. मग दोघी कशावर तरी खूप वेळ हसत होत्या, एकीला मराठी येत नाही आणि दुसरीला इंग्रजी जेमतेम.

रात्री आतषबाजी बघून घरी आलो साडेदहाला. भांड्यात तळाशी दोन बोटं उरलं होतं, सगळ्यात खालचा केक, सकाळपासूनचा स्ट्रॉबेरीचा रस प्यायलेला, पूर्ण गुलाबी, त्यात वरून ओघळलेला थोडा चक्का. मी भांडं विसळायला सिंकपाशी ठेवलं आणि कपडे बदलून आले तर आई ओट्याला टेकून, भांडं हातात धरून, डावाने तळ खरवडत होत्या.

"हे गुलाबी काय सुंदर लागतंय गं," म्हणाल्या. "परवासारखं सगळंच असं का नाही केलंस?"