गोधडीचे तुकडे निवडताना

गोधडी शिवायला घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा रंगसंगतीचा असतो. माझ्या मते त्याआधी कापडाचे वय आणि वजन पाहायला हवे. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे जेवढे आटायचे तेवढे आटलेले असते, सुटणारा रंग सुटून गेलेला असतो आणि वीण इतकी मऊ पडलेली असते की चार-पाच थरांतूनही सुई सहज पार होते. अशा कापडाशेजारी कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा बसवला, तर पहिल्याच धुण्यात तो आटतो, भोवतालचे जुने कापड ओढून घेतो आणि ते टाक्यापाशी फाटू लागते. म्हणून कोरे कापड वापरायचेच असेल, तर ते आधी गरम पाण्यातून दोन-तीनदा धुऊन काढावे.

पॉलिएस्टरच्या साड्या मी बाजूला ठेवते. त्या टिकाऊ असतात यात शंका नाही. पण त्यांचे कापड थरांमध्ये सरकत राहते आणि घामही टिपत नाही. सुती अंगाच्या इरकली लुगड्याचा पदर पुष्कळदा रेशमी असतो, त्यामुळे त्याचे अंग तेवढे घ्यावे.

आतल्या थरांसाठी नऊवारीसारखे दुसरे काही नाही. साधारण सव्वाआठ मीटरच्या लुगड्याची लांबीत चौपदरी घडी केली की दोन मीटरांचे चार थर मिळतात, आणि एका माणसाच्या पांघरुणाला तेवढे पुरतात. गोधडीची ऊबही या थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेची असते, म्हणून टाके करकचून ओढू नयेत.

आता रंग. निरनिराळ्या घरांतून आलेल्या चिंध्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या जुळवण्याचा अट्टाहासही करू नये. मी त्यांचे गडद आणि फिके असे दोनच ढीग करते. डोळे किलकिले करून पाहिले की नक्षी पुसट होते आणि कोणता तुकडा कोणत्या ढिगात जायचा ते कळते. गडदाशेजारी फिका येत राहिला, तर लाल, मोरपंखी आणि चौकड्याचे शर्टाचे कापडही एकत्र नांदते.

शिवण्याची दिशा मात्र आधी ठरवावी लागते, कारण तिच्यावर सगळी सपाटी अवलंबून असते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ या भागांतील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, कडेपासून सुरू करतात. अस्तरावर एकेक तुकडा कडा दुमडून ठेवत, त्याच धावदोऱ्याने सगळे थर एकत्र टाचत त्या फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे येतात. तुकडे शिवणीबरोबरच मांडले जात असल्यामुळे प्रत्येक तुकडा आधीच्या फेरीला जुळवून घेता येतो आणि वरचे कापड फुगून राहत नाही. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात नक्षी आधी आखावी लागत नाही, ती हातासरशी ठरत जाते. याउलट, तुकडे एकमेकांना जोडून वरचा संपूर्ण थर आधीच तयार केला असेल, तर कडेकडून आत येताना जास्तीचे कापड मधोमध साचते; तेव्हा सर्व थर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत आणि मध्यातून कडांकडे शिवत जावे.

दोरा सुतीच हवा, कारण जुन्या मऊ कापडाला पॉलिएस्टरचा दोरा कापत जातो. तो हातभर लांबीचाच ओवावा. लांब दोऱ्याला गाठी पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान घालून सुईवर तीन-चार टाके एकदम घेतले की ओळ सरळ येते. दोन ओळींत बोटभर अंतर मला पुरेसे वाटते. मुलाच्या दुपट्याला मात्र ओळी जवळ घ्याव्यात, कारण ते रोज धुतले जाते.

सर्वांत आधी झिजतात ते कोपरे. सिद्दी स्त्रिया तिथे कापडाच्या घड्या घातलेले त्रिकोण एकावर एक बसवतात; त्यांना त्या फुला म्हणतात. गोधडीत इतरत्र जड पडणारे खणाचे तुकडे मी याच कामासाठी राखून ठेवते, कारण कोपऱ्याला तो जाडपणा हवाच असतो.