माळ्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर

गेल्या आठवड्यात मालवणच्या घराचा माळा आवरताना वडिलांच्या जीपमधून कधीकाळी काढून ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर हाती लागला आणि आवराआवर तिथेच थांबली. पन्हळीदार अ‍ॅल्युमिनियमचे ते धूड उचलताना आजही मनगट वाकते. खाऱ्या हवेने टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवट थर चढला होता. तळाचा पत्रा काढला तेव्हा आतले सर्किट मात्र, कोपऱ्यातले कुंभारणीचे घर सोडले तर, स्वच्छ होते.

मधोमध तांब्याच्या जाड तारेने वेढलेले टोरॉइडचे, म्हणजे वलयाकार ट्रान्सफॉर्मरचे, कडे होते. गाडीच्या १२ व्होल्टांवर ४ ओहमच्या स्पीकरला थेट साधारण १८ ते २० वॅटांपलीकडे शक्ती देता येत नाही, म्हणून वेगाने उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या मदतीने हे कडे आधी व्होल्टेज वाढवते. याच्या क्लास एबी सर्किटात, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे ठेवून चालणाऱ्या जुन्या पद्धतीत, बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि ती बाहेर टाकण्यासाठीच एवढे धातूचे अंग लागत असे. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवणारे आजचे क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर बहुधा ८० टक्क्यांहून अधिक कार्यक्षम असतात, तेव्हा ते लहान झाले यात गैर काहीच नाही. माझी तक्रार दुरुस्तीविषयी आहे. माझा नवा अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडला आणि "यात हात घालायला जागाच नाही," असे म्हणून कारागिराने तो परत दिला. जुन्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर पट्टीखाली स्क्रूने दाबून बसवलेला आहे.

फुगलेले दोन कपॅसिटर बदलून काल तो बॅटरीला जोडला. तांबडा दिवा लागला आणि स्पीकरमधून तो ओळखीचा 'धप्' ऐकू आला.