वारा की आणखी काही?

दिवस ११

आतडं पुन्हा जोडून पोटावरची मलाची पिशवी काढली, त्याला ११ दिवस झाले. आज चड्डीवर पुन्हा डाग. अंगठ्याच्या नखाएवढा, पिवळसर, बुळबुळीत. कधी पडला ते कळलंच नाही, आणि तेच जास्त लागलं. ७ महिने ती पिशवी होती तेव्हा निदान काय चाललंय ते डोळ्यांना दिसायचं. भरली की रिकामी करायची, विषय संपला. त्या पिशवीचा मी रोज राग राग केला. आज पहाटे बायको उठायच्या आत चड्डी धुताना मात्र त्या पिशवीचीच आठवण आली.

दिवस १२

बायकोला कळलंच होतं. "पाच वाजता नळ सोडून कोण बसतं हो?" म्हणाली. मग कपाटातून स्वतःचं सॅनिटरी पॅड काढून माझ्या हातात दिलं. मी चिकट बाजू वर करून लावलं. तिने हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. "ते कापडाला चिकटवायचं, अंगाला नाही. आणि जरा मागे सरकवा, तुमचं काम मागचं आहे." ५२व्या वर्षी ही शिकवणी. दर महिन्याला तिने हे कसलाही गाजावाजा न करता केलं, आणि मी दोन दिवसांत हवालदिल.

दिवस १९

तपासणी. डॉक्टरांनी विचारलं, "कंट्रोल कसा आहे?" मी म्हणालो, "ठीक आहे." बाहेर आल्यावर बायकोने बसूच दिलं नाही. "परत आत जा आणि खरं सांगा."

गेलो. डाग पडतात म्हणालो, दिवसातून दोन-तीनदा. आणि वारा सरतोय की आणखी काही, तेच उमगत नाही. (हे वाक्य मी घरी तीनदा घोकलं होतं, तरी बोलताना नजर टेबलावरच.)

त्यांना नवल वाटलं नाही. गुदद्वाराला स्नायूंची दोन वलयं असतात. आतलं आपसूक मिटलेलं राहतं, बाहेरचं आपण आवळतो. मलाशयात काही आलं की आतलं वलय क्षणभर सैल होतं, थोडासा नमुना खाली उतरतो आणि तिथली नाजूक त्वचा ओळखते, हा वायू की मल. आपल्या नकळत दिवसभर हे चालू असतं. माझ्याकडे ७ महिने त्या वाटेने मल आलाच नव्हता. स्नायू सुस्तावले, मलाशयाची साठवण कमी झाली, ओळख बोथट झाली. त्यात आतडं आतून चिकट स्राव सोडतच असतं. माझ्या बऱ्याचशा डागांत मलापेक्षा तोच जास्त असणार.

"किती दिवस चालेल?"

"महिने म्हणा. कुणाकुणाला वर्षही लागतं. पण ताप, रक्त, उलट्या, किंवा पोट फुगून वारा सरायचाच बंद झाला, तर वाट बघायची नाही."

आतडं फुटल्यावर माझ्यावर झालेली, पोटावर पिशवी आणणारी ती पहिली शस्त्रक्रिया हार्टमन या फ्रेंच सर्जनच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९२१ मध्ये मांडली. शंभर वर्षं झाली, आणि चड्डीबद्दल मला आधी कुणी एक शब्द सांगितला नव्हता. माझी तक्रार एवढीच आहे.

दिवस २५

व्यायाम सुरू. वारा अडवताना आवळतो तसं आवळायचं, ५ मोजेपर्यंत धरायचं, पूर्ण सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. श्वास रोखायचा नाही, मांड्या ताणायच्या नाहीत. मी टीव्हीसमोर बसून करतो. बायको म्हणते, "चेहरा कशाला आवळताय?"

कातडी सोलवटली होती. आता पुसणं बंद; कोमट पाण्याने धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, वर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. चार दिवसांत आग थांबली.

दिवस ३३

वहीत लिहायला लागल्यापासून एक गोष्ट उघड झाली. गळती आवळता न आल्यामुळे होते असं मी धरून चाललो होतो. पण निम्मे डाग संडासहून आल्यावर पाव तासात पडलेले आहेत. म्हणजे पोट पूर्ण साफ होत नाही आणि उरलेलं चालताना खाली येतं. आता घाईने उठत नाही. उठतो, दोन पावलं फिरतो, परत बसतो. कुंथत मात्र नाही.

दुसरं म्हणजे, सकाळी खाल्लं की अर्ध्या तासात कळ ठरलेली, आणि कॉफी घेतली तर त्याआधीच. म्हणून बाहेर जायचं असेल तर खाणं लवकर उरकतो. इसबगोल फक्त बद्धकोष्ठावर चालतं असं वाटायचं. पण ते पाणी शोषून पातळ मल बांधूनही ठेवतं. मल बांधलेला असला की गळती जवळजवळ नाहीच. जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी डॉक्टरांनी फक्त लांबच्या प्रवासासाठी दिली आहे, जेवणाआधी अर्धा तास. अजून पाकीट फोडलेलं नाही.

दिवस ४७

आज ९० मिनिटं घराबाहेर. गडद पँट, खांद्याच्या पिशवीत जादा चड्डी, पॅड, ओले रुमाल आणि एक अपारदर्शक पिशवी. गेल्या गेल्या संडास कुठे आहे ते बघून ठेवलं, मग निवांत बसलो. परत येताना जिन्यात वारा सरला. थबकलो. पाय उचलवेना. वर येऊन थेट बाथरूममध्ये गेलो, तपासलं.

बाहेर आलो तर बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. तिने फोनवर हात ठेवला.

"कोरडं?"

"कोरडं."

"बरं," म्हणाली, आणि पुढे बोलायला लागली.