ईएमएमसीच्या रजिस्टरमध्ये लिहिताना

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात लिनक्सवर चालणारे बोर्ड बनवणारे कमी नाहीत. त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर ईएमएमसी, म्हणजे डेटा साठवणारी फ्लॅश मेमरीची चिप, सोल्डर केलेली असते, आणि कधी ना कधी कोणीतरी टर्मिनलवर एमएमसी-युटिल्स हे या चिपशी बोलणारं साधन उघडतोच. डेबियन-उबंटूत पॅकेज याच नावाने मिळतं, कमांडचं नाव मात्र नुसतं ‘एमएमसी’. तिची सगळ्यात धारदार सबकमांड म्हणजे ‘एक्स्टसीएसडी राइट’. ऑफसेट (म्हणजे कितवा बाइट) द्या, व्हॅल्यू द्या, डिव्हाइस द्या, एंटर मारा. ‘नक्की ना?’ असं ती विचारत नाही.

एक्स्ट-सीएसडी हे चिपच्या आतलं, तिच्या सेटिंग्ज ठेवणारं ५१२ बाइटांचं रजिस्टर. ० ते १९१ हे बाइट होस्टला, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोसेसरला, लिहिता येतात, १९२ ते ५११ फक्त वाचायला. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पहिल्या भागातल्या बिटांच्या प्रकारात. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ईएमएमसी ५.१ स्टँडर्डच्या तक्त्यात प्रत्येक फील्डपुढे प्रकार लिहिलेला असतो. ‘आर-डब्ल्यू-ई’ असेल तर कितीही वेळा लिहा, वीज गेली तरी टिकतं. ‘ई-पी’ असेल तर पॉवर गेली किंवा रीसेट झाला की मूळ पदावर. आणि नुसतं ‘आर-डब्ल्यू’ असेल तर ते आयुष्यात एकदाच लिहायचं. नाव वाचून हे सर्वात निरुपद्रवी वाटतं आणि चिपा वाया जातात त्या इथेच. व्हॅल्यू काय लिहायची हे बघण्याआधी हा रकाना बघा.

उदाहरण ऑफसेट १६२ चं, म्हणजे हार्डवेअर रीसेट पिनचं. कारखान्यातून चिप येते तेव्हा इथे ० असतो आणि पिन बंद असते. १ लिहिलात तर पिन कायमची चालू, २ लिहिलात तर कायमची बंद. हे लिहावं का? वॉचडॉगने (अडकलेली यंत्रणा आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरने) एसओसी, म्हणजे बोर्डाचा मुख्य प्रोसेसर, रीसेट झाला पण ईएमएमसी एचएस-४०० या वेगवान मोडमध्येच राहिली, प्रोसेसरमधला बूट रॉम सुरुवातीच्या संथ मोडमध्ये हाका मारतोय आणि चिप ओ देत नाही, असं काही बोर्डांवर होतं. तिथे १ लिहायलाच हवा. पण आधी स्किमॅटिक उघडून ती लाइन कुठे जाते ते बघा. ती हवेत लटकत असेल आणि शेजारी रिले-मोटर असेल, तर एक मायक्रोसेकंदाचा लो पल्ससुद्धा चिपला रीसेट करायला पुरतो, अगदी लिहिण्याच्या मध्यात. मग सॉफ्टवेअरने काही करता येत नाही, पुल-अप (लाइन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर) लावण्यासाठी बोर्डच हातात घ्यावा लागतो. या कामाला ‘एचडब्ल्यूरीसेट एनेबल’ ही वेगळी सबकमांड आहे, तीच वापरा. तिच्या हेल्पमध्ये निदान ‘हे परत फिरवता येणार नाही’ एवढं तरी छापलेलं आहे.

दुसरा रोजचा बाइट १७९, पार्टिशन कॉन्फिग. खालचे तीन बिट सध्या कोणत्या पार्टिशनवर काम चाललंय ते सांगतात. ते कर्नलचं खातं, तिथे शून्यच राहू द्या. बिट ३ ते ५ म्हणजे बूट कुठून करायचं, आणि बिट ६ म्हणजे बूट ॲकनॉलेज (थोडक्यात ॲक), बूट सुरू होताना चिपने पोच द्यायची की नाही ते. चिपमध्ये बूट० आणि बूट१ अशी दोन बूट पार्टिशनं असतात; बूट० वरून ॲकसह बूट करायचं तर व्हॅल्यू हेक्स ४८. पुढचा ‘शून्य-एक्स’ विसरलात तर ती दशमान ४८ होते, म्हणजे हेक्स ३०. ॲक गेला आणि बूट पार्टिशनच्या जागी ६ बसला, जो राखीव आहे. बोर्ड पुढच्या वेळी उठत नाही आणि दोष बूटलोडरला दिला जातो. हा बाइट परत लिहिता येतो एवढं नशीब. एक्स्टसीएसडी राइट अख्खा बाइट बदलते, एखादा बिट नाही. म्हणून आधी वाचायचं, हवा तो बिट बदलायचा, मग लिहायचं.

‘बूटपार्ट एनेबल’ वापरलंत तर हे गणित टळतं, पण त्यात दुसरा खड्डा आहे. तिथे पार्टिशनचा आकडा आधी आणि ॲक नंतर. यू-बूट या बूटलोडरच्या ‘एमएमसी पार्टकॉन्फ’मध्ये ॲक आधी आणि पार्टिशन नंतर. दोन्ही १ असतात तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. बूट१ वर जाताना २ आणि १ ची अदलाबदल झाली की शोधत बसा. शिवाय इथे १ म्हणजे बूट० आणि २ म्हणजे बूट१, यूजर एरियासाठी, म्हणजे मुख्य साठवणुकीच्या भागासाठी, ७. बूट पार्टिशनमध्ये डीडी कमांडने काही लिहिण्याआधी सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या) ‘फोर्स-आरओ’मध्ये शून्य लिहायला विसरू नका.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर सुडो दोनदा तपासण्यापेक्षा डिव्हाइसचं नाव बघा. कर्नल हे आयओसीटीएल (डिव्हाइसला थेट कमांड देण्याचा कॉल) फक्त अख्ख्या डिस्कवर चालू देतो; एमएमसीबीएलके० चालेल, शेवटी पी१ लावलेलं चालणार नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ईएमएमसी-टू-मायक्रोएसडी अडॅप्टर आणून चिप यूएसबी रीडरमध्ये घालणाऱ्यांचीही अशीच फसगत. बहुतेक रीडर तिला स्कझी (साध्या यूएसबी ड्राइव्हसारखी) डिस्क म्हणून दाखवतात आणि एमएमसीच्या कमांड पुढे जातच नाहीत. थेट एसडी कंट्रोलरला जोडलेला स्लॉट लागतो.

चिपच्या आतल्या कॅशेबद्दल थोडक्यात. ऑफसेट ३३ वर शून्य लिहून कॅशे बंद करता येते, पण तो ‘ई-पी’ आहे आणि लिनक्स दर बूटला कॅशे स्वतःहून पुन्हा चालू करतो. त्यामुळे गुरुवारी वीज गेल्यावर डेटा बिघडतो म्हणून एकदा बंद करून निश्चिंत झालात, तर परत आलेल्या विजेबरोबर कॅशेही परत आली. ॲप्लिकेशन एफसिंक करतंय का (म्हणजे डेटा चिपवर पक्का लिहून घेतंय का) ते आधी पाहिलेलं बरं.

सगळ्यात महागडं लिखाण एन्हान्स्ड एरियाचं, म्हणजे चिपचा काही भाग जास्त टिकाऊ करण्याचं. बऱ्याच चिपांमध्ये यात सेल एका बिटाच्या मोडमध्ये चालतात, आयुष्य वाढतं, पण क्षमता एमएलसीत (सेलमागे दोन बिट) निम्मी आणि टीएलसीत (सेलमागे तीन बिट) एक-तृतीयांश होते. कमांडला सुरुवात आणि लांबी केआयबीमध्ये (१०२४ बाइटांच्या एककात) द्यायची. कमाल आकार ‘एक्स्टसीएसडी रीड’च्या आउटपुटमध्ये मिळतो. ‘-वाय’ दिलंत की ऑफसेट १५५ वर शिक्का बसतो आणि पार्टिशनिंगचं दार कायमचं बंद. राइट रिलायबिलिटीही (लिहिताना वीज गेली तरी आधीचा डेटा सांभाळण्याची सेटिंग) बदलायची असेल तर आधीच्या पायरीला ‘-सी’ द्या, ‘-वाय’ फक्त शेवटच्या पायरीला. त्यानंतर पॉवर पूर्ण काढून परत द्यायची, रीबूट पुरत नाही. यूजर एरियातला डेटा गेला असं समजूनच हे करायचं. म्हणून हे काम इमेज फ्लॅश करण्याआधीचं.

जुन्या बोर्डावरून काढलेली चिप घेत असाल तर लिहिण्याआधी सहा जागा वाचा. १५५ वर १ असेल तर पार्टिशनिंग आधीच उरकलेलं आहे. १६२ वर २ असेल तर रीसेट पिन कधीच चालणार नाही. १७३ च्या बिट २ वर १ असेल तर बूट पार्टिशन कायमचं लॉक. २६८ आणि २६९ वर आयुष्याचा अंदाज दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यात येतो. हेक्स ०१ म्हणजे दहा टक्क्यांच्या आत, ०बी म्हणजे मर्यादा ओलांडली. हे शेवटचे दोन ५.० पासूनच्या चिपांतच असतात. त्यासाठी १९२ वर, म्हणजे रजिस्टरच्या आवृत्तीच्या बाइटवर, ७ किंवा त्याहून जास्त हवा.