लॅपटॉपचा ड्राइव्ह डिस्क वाचेना: माझा अनुभव

ड्राइव्ह डिस्क वाचेनासा झाला की बहुतेक जण आधी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. मी सुरुवात डिस्क बदलून केली, आणि निदान तिथेच झालं. छापील (कारखान्यातून भरून आलेली) ऑडिओ सीडी, छापील डीव्हीडी, बर्न केलेली डीव्हीडी आणि एक रीराइटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणारी), अशा चार जातींच्या डिस्क हाताशी असल्या की पुरे.

कारण असं की सीडी आणि डीव्हीडी एकाच लेझरने वाचल्या जात नाहीत. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा. दोन्ही एकाच पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भिंगाच्या भागात, बसवलेले असतात. सगळ्या सीडी नीट चालतात आणि एकही डीव्हीडी उघडत नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा डीव्हीडीचा लाल लेझर गेलेला असतो. तिथे सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नये. बर्न केलेली एकच डिस्क अडत असेल, तर ती फायनलाइज झाली आहे का, म्हणजे इतर यंत्रांवर वाचता यावी म्हणून बंद केली आहे का, ते ज्या यंत्रावर बर्न केली तिथेच तपासावं. माझ्याकडे छापील डिस्क अडखळत का होईना वाचल्या जात होत्या, रीराइटेबल मात्र अजिबात नाही. रीराइटेबल डिस्क छापील डिस्कपेक्षा बराच कमी प्रकाश परत पाठवते, त्यामुळे भिंगावर धूळ साचली की पहिला फटका तिलाच बसतो.

तरी ड्राइव्हला हात लावण्याआधी दोष विंडोजचा तर नाही ना, ते पाहून घ्यावं. बूट होणारी डिस्क घालून लॅपटॉप सुरू करा. तिथून बूट झाला, तर निदान त्या जातीच्या डिस्कपुरता यंत्रभाग ठीक आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळं चिन्ह आणि कोड १९, ३९ किंवा ४१ दिसत असेल, तर अनेकदा जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरने मागे ठेवलेल्या फिल्टर नोंदी नडतात. रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवतं तिथे) करंट कंट्रोल सेटखाली कंट्रोल, मग क्लास, असं जाऊन ज्या कीमध्ये ‘क्लास’समोर ‘सीडीरॉम’ लिहिलं आहे ती शोधा. आधी तिचा बॅकअप घ्या, मग त्यातल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ एवढ्याच नोंदी काढून रीस्टार्ट करा. चित्रपटाच्या डीव्हीडीतल्या फाइली दिसतात पण चित्रपट लागत नाही, हा वेगळाच प्रश्न: विंडोज १० मध्ये डीव्हीडी प्लेबॅक मुळात दिलेलंच नाही. व्हीएलसी हा प्लेअर टाकला की काम भागतं.

आता सफाई. लॅपटॉपच्या ड्राइव्हची मोठी सोय म्हणजे ट्रे बाहेर ओढला की भिंग समोरच दिसतं, काही खोलावं लागत नाही. ट्रे उघडून लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. आधी हाताच्या ब्लोअरने धूळ उडवा. मग ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जेमतेम ओली करून भिंगावरून अलगद फिरवा आणि कोरड्या काडीने टिपून घ्या. भिंग बारीक तारांवर तरंगतं, दाबलं तर कायमचं वाकडं होतं. नेलपॉलिश रिमूव्हर कदापि नको, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिकचं भिंग खातं. ब्रश लावलेल्या क्लीनिंग डिस्क मी वापरत नाही. किती जोराने घासलं जातंय यावर आपला ताबाच नसतो. पूर्ण वाळल्यावर डिस्क मधल्या गोलावर ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. ती अर्धवट बसली तर डगमगते आणि पुन्हा तेच दुखणं दिसतं.

माझ्या ड्राइव्हला एवढ्यानेच पुरलं, रीराइटेबलही वाचली जाऊ लागली. नाही पुरलं तर ड्राइव्ह बदलणं सरळ. बऱ्याच मॉडेलमध्ये तळाचा एकच स्क्रू काढला की तो बाजूने सरकत बाहेर येतो. आधी तोच परत घट्ट बसवून पाहा, कधीकधी कनेक्टरच सैल झालेला असतो. नवा घेताना जाडी मोजा: १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर हे एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह घेतलात तर तो थेट पोर्टमध्ये लावा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच देतं, आणि डिस्क वेग घेताना त्याहून जास्त लागलं की ड्राइव्ह टकटक करून गायब होतो. यूएसबी ३ चं ९०० मिलिअँपिअरचं पोर्ट किंवा दोन यूएसबी तोंडांची केबल वापरली की हा त्रास सहसा राहत नाही.

आतला ड्राइव्ह बदलताना जुन्याची दर्शनी पट्टी नव्यावर चढवावी लागते. तिच्या खाचा ट्रे उघडल्याशिवाय सुटत नाहीत, म्हणून सरळ केलेली कागदाची पिन पुढच्या बारीक भोकात घालून ट्रे आधी मोकळा करा.