कॉमेंटमधला पेटंट क्रमांक

गुहागरहून घरबसल्या काम करताना मी एक मुक्तस्रोत लायब्ररीही (इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड) सांभाळतो. ती सी भाषेत लिहिलेली आणि एमआयटी या मोकळ्या परवान्याची आहे, आणि मेमरीतले तक्ते अनेक थ्रेडना, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांना, एकाच वेळी वाचू देणे एवढेच तिचे काम आहे. जुलैमध्ये, वीज दोनदा जाऊन आलेल्या एका दुपारी, चिपळूणच्या एका विद्यार्थ्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्याने लिहिलेला बदल सामावून घेण्याची विनंती, आली. कोड नेटका होता, पण वर कॉमेंटमध्ये त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते की, ही पद्धत अमेरिकी पेटंट ५,४४२,७५८ वरून घेतली आहे. ते वाचताच मी लॅपटॉप मिटला; जणू तसे केल्याने वाचलेले न वाचल्यासारखे होणार होते.

नोकरीत असताना वकिलांनी आम्हांला पेटंटे वाचूच नका असे बजावले होते, कारण अमेरिकेत जाणूनबुजून उल्लंघन ठरले तर न्यायालय भरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकते. अज्ञानालाच चिलखत मानणारा हा सल्ला मला तेव्हाही हास्यास्पद वाटे, तरी मी तो पाळत आलो. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला किंवा अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. पण आमची लायब्ररी वापरणारे काही सगळे भारतातच बसलेले नाहीत.

त्या पेटंटमधली पद्धत होती रीड-कॉपी-अपडेट. आमच्या जुन्या रीड-राइट लॉकमध्ये (वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांत येऊ नयेत म्हणून लावलेल्या कुलपात) नुसते वाचणाऱ्यालाही सामाईक मोजणीत भर घालावी लागे, आणि ती मोजणी असलेली कॅश लाइन (प्रोसेसरच्या जलद स्मृतीतला छोटा तुकडा) प्रोसेसरच्या कोअरांमध्ये चेंडूसारखी फिरत राही, त्यामुळे कोअर वाढवूनही वेग वाढत नसे. या पद्धतीत लिहिणारा तक्त्याची नवी प्रत तयार करून पॉइंटर (तक्ता मेमरीत कुठे आहे ते दाखवणारा पत्ता) बदलतो आणि जुनी प्रत वाचत असलेले सगळे बाहेर पडल्यावरच ती मोडीत काढतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या धक्क्यावर नवे वेळापत्रक लावले, तरी जुने पाहून निघालेले प्रवासी पोहोचेपर्यंत ते रद्द समजू नये, तसेच हे.

शेवटी पेटंट उघडलेच. सिक्वेंट कंपनीने १९९३ मध्ये अर्ज केला आणि १९९५ मध्ये ते मंजूर झाले. पुढे आयबीएमने ती कंपनी घेतली, आणि २००२ मध्ये जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली ही पद्धत लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आली; त्या परवान्याच्या कोडला ती वापरायची सवलत होती. आमच्या एमआयटी परवान्याला मात्र त्या सवलतीचा आधार नव्हता. पण अर्जापासून वीस वर्षे धरता पेटंटची मुदतच २०१३ मध्ये संपलेली. म्हणजे उघडउघड उचललेला भाग निर्धोक होता.

अडचण निघाली ती त्याने स्वतःच्या डोक्याने घातलेल्या भरीत. मोठ्या यंत्रांवर वाचक एकेक न मोजता गटागटाने मोजण्याची ती युक्ती होती, आणि या पद्धतीच्या सुधारणांवर पुढे वेगळी पेटंटे निघालेली आहेत. त्यांतल्या दाव्यांची कायदेशीर भाषा उलगडणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते.

मी तो भाग वगळायला सांगितल्यावर फोनवर तो म्हणाला, "दादा, ते तर मी कुठूनच घेतलेलं नाही." पेटंटच्या कायद्यात स्वतंत्रपणे सुचणे हा बचाव नसतो, हे त्याला सांगताना मलाच ओशाळल्यासारखे झाले. कॉमेंटमध्ये मुदत संपल्याचे वर्ष घालून पेटंटवरून घेतलेला भाग मी दुसऱ्याच दिवशी लायब्ररीच्या मुख्य शाखेत, म्हणजे सगळे वापरतात त्या कोडमध्ये, घेतला. त्याचा स्वतःचा भाग वेगळ्या शाखेत तसाच पडून आहे. तो पुसून टाकायला मात्र माझा हात धजत नाही.