डिजीकॅमवर घरचे आणि वावरातले फोटो लावताना

घरातल्या सगळ्या मोबाइलमधले, एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले, पेनड्राइव्हमधले आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी डीव्हीडीत दिलेले फोटो एका जागी आणायचे, तर पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो. आमच्या भागात कितीतरी कॉम्प्युटरवर अजून पिकासाच दिसतं. गुगलनं ते मार्च २०१६ मध्ये बंद केलं. जुनी प्रत चालते, पण आयफोनचे एचईआयसी फोटो त्यात उघडत नाहीत आणि पुढे कुठली सुधारणा होणार नाही. मी डिजीकॅम हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, आणि एकदा उतरवलं की रोजच्या कामाला इंटरनेट लागत नाही. चेहरे ओळखायला लागणाऱ्या फाइली मात्र पहिल्यांदा सुरू करताना वेगळ्या उतरतात. तेवढं काम तालुक्याला, चांगलं नेट असेल तिथे उरकून यावं.

सुरुवातीला डिजीकॅम दोन जागा विचारतं: फोटो कुठे आहेत आणि डेटाबेस, म्हणजे फोटोंच्या सगळ्या नोंदींची फाइल, कुठे ठेवायचा. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असले तरी चालतात, डेटाबेस मात्र कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरच ठेवावा. टॅग (फोटोला जोडायचे ओळखीचे शब्द) लावताना, छोटी चित्रं तयार होताना डेटाबेसमध्ये सतत बारीकसारीक लिहिणं चालू असतं. त्यातच केबल ढिली झाली किंवा लाइन गेली, तर ती फाइल बिघडू शकते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे काम लॅपटॉपवरच करावं. डिस्कवर फाइली मांडायच्या एनटीएफएस आणि एक्सफॅट अशा पद्धती असतात. बाहेरची डिस्क मी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली, कारण एक्सफॅटमध्ये बदलांची नोंद ठेवणारी सोय नसते आणि मधेच वीज गेल्याचा फटका त्याला जास्त बसतो. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत भर दुपारी मोठी कॉपी लावू नये. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. असली कामं पहाटेची.

एक सेटिंग लगेच पाहून घ्यावं. मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) भागात टॅग, तारखा आणि पसंतीचे तारे फाइलमध्येच लिहायला सांगितलंय का, ते तपासावं. नसेल तर सगळी मेहनत डेटाबेसमध्ये अडकते आणि फोटो दुसऱ्याला दिला की टॅग मागेच राहतात. रॉ फाइलीत (कॅमेऱ्यानं काही प्रक्रिया न करता ठेवलेल्या मूळ फोटोत) मात्र काही लिहू देऊ नये. सेटिंगमध्ये सांगितलं की त्यांच्या शेजारी एक्सएमपी नावाची नोंदींची छोटी फाइल तयार होते, ती पुरते. रॉ फाइल हलवली की तीही सोबत हलवायची.

फोल्डरची रचना साधी ठेवली: वर्ष, त्यात तारीख आणि प्रसंग. तारीख वर्षापासून सुरू करायची, ‘2024-09-02 Pola’, ‘2024-09-03 Tanha Pola’ अशी, म्हणजे क्रम आपोआप बरोबर लागतो. दिवसापासून सुरू केली तर सगळ्या महिन्यांच्या २ तारखेचे फोल्डर एकाखाली एक येऊन बसतात. फोल्डरची आणि फाइलची नावं मी इंग्रजी लिपीत देते, टॅग मात्र मराठीत. फोटो लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर देवनागरी नावांच्या चौकटी होतात, आणि कोणता फोटो किती कॉपी काढायचा हे मग कोणालाच कळत नाही.

खरं काम तारखांचं आहे. लोक आधी रंग खुलवायला बसतात, पण तारखा चुकीच्या असतील तर लग्नातला सप्तपदीचा फोटो हळदीच्या आधी येतो आणि सगळा अल्बम विस्कटतो. फोटो काढल्याची तारीख फाइलच्या आत, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. विंडोज दाखवतं ती ‘मॉडिफाइड’ तारीख वेगळी. फाइल बदलली की ती बदलते. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी खूप दिवस काढून ठेवली की त्याचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं आणि पुढचे सगळे फोटो सारख्याच अंतरानं चुकतात. यावर उपाय सोपा आहे. मोबाइलवर सेकंदासकट घड्याळ उघडायचं, त्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढायचा, फोटोतली वेळ आणि एक्झिफमधली वेळ यांतला फरक काढायचा, आणि त्या काळातले सगळे फोटो निवडून ‘अ‍ॅडजस्ट टाइम अँड डेट’ या साधनात तेवढा फरक मिळवायचा. मधे कोणी घड्याळ लावलं नसेल तरच हे जुळतं. लग्नात दोन कॅमेरे असले तर हा घड्याळाचा फोटो सुरुवातीलाच दोघांनी काढून ठेवावा.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी. नेहमीसारखा फोटो पाठवला की एक्झिफ निघून जातं, जीपीएसही जातं, आणि लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. फाइलच्या नावात, ‘आयएमजी-२०२४०९०२-डब्ल्यूए००१५’ असं असतं त्यात, तारीख मिळते आणि तारखेचं तेच साधन नावावरून तारीख उचलूही शकतं. पण ती तारीख मोबाइलवर फोटो आल्याची असते. दहा वर्षांपूर्वीचा आजीचा फोटो कोणी काल फॉरवर्ड केला, तर नावात कालचीच तारीख येते. म्हणून व्हॉट्सअॅपचे फोटो मी सगळ्यात शेवटी घेते, आणि मूळ फोटो ज्याच्याकडे असेल त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगते. तसा पाठवला की फाइल जशीच्या तशी येते. स्कॅन केलेल्या कागदी फोटोंना स्कॅनची तारीख लागते. ती हातानं बदलून वर्ष घालावं, महिना माहीत नसेल तर १ जानेवारी टाकून ‘अंदाजे’ असा टॅग लावावा. ४ बाय ६ इंची जुना फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, दुप्पट मोठी कॉपी काढायला ते पुरतात.

तारखा लागल्या की डुप्लिकेट. डिजीकॅम आधी प्रत्येक फोटोचा ठसा तयार करतं, त्याला वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवावं. मग ‘फाइंड डुप्लिकेट्स’मध्ये ९० ते १०० टक्के साम्य ठेवून शोधलं की मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सअॅप कॉपी शेजारी येतात. जास्त पिक्सेलचा आणि एक्झिफ असलेला ठेवायचा. डोळे झाकून ‘सगळे उडवा’ करू नये, कारण एकामागोमाग काढलेले फोटोही सारखेच धरले जातात आणि ज्यात सगळ्यांचे डोळे उघडे आहेत नेमका तोच जाऊ शकतो.

टॅगमध्ये नातं लिहू नये, पूर्ण नाव लिहावं. माझे मोठे बाबा म्हणजे दुसऱ्या कोणाचे मामा असतात, आणि अल्बम सगळ्या घराचा असतो. चेहरे ओळखणं रुमाल बांधलेल्या माणसांत आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायांत अडखळतं. पंधरा-वीस चेहरे हातानं पक्के केले की सुधारतं. ताऱ्यांचा फार पसारा नको. छापायचा असेल तर ५, बाकी काही नाही.

आता एडिटिंग. मोबाइलच्या जेपीजीसाठी डिजीकॅमचाच एडिटर पुरतो, रॉ असेल तर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर. डिजीकॅम मूळ फोटो ठेवून बदललेली प्रत ‘_व्ही१’ अशा नावानं वेगळी ठेवतं. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइलवरच सेव्ह केलं तर परत यायला वाट नाही, आणि जेपीजी दर वेळी सेव्ह करताना थोडी माहिती गमावते. माझा क्रम ठरलेला आहे: आधी आडवं-उभं सरळ करणं, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असा रंग जुळवणं), मग उजेड, सावल्या, आणि धार काढणं (शार्पन) सगळ्यात शेवटी. धार आधी काढली की सावल्या उजळताना कण-कण दिसायला लागतात.

व्हाइट बॅलन्सच्या ऑटो बटणावर भरवसा ठेवू नये. हळदीच्या फोटोत पिवळा रंग खरा असतो. ऑटो त्याला दोष समजून काढतं आणि नवरीचा चेहरा निळसर पडतो. अशा वेळी चौकटीतल्या पांढऱ्या शर्टावर किंवा धोतरावर ड्रॉपर (रंग उचलायची खूण) टेकवावा. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात मात्र वरून रंगीत उजेड आणि बाजूनं पांढरं ऊन असं दोन्ही येतं, तिथे एका आकड्यानं सगळं दुरुस्त होत नाही. चेहरा सुधारावा, मागचं सोडून द्यावं. एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात, त्याचं मूळ ५० हर्ट्झच्या विजेत आहे. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर बहुधा येत नाहीत. एकदा आले की पुसणं जिकिरीचं.

फुटलेल्या पऱ्हाटीचा फोटो दुपारी काढला तर बोंडातला कापूस नुसता पांढरा डाग होतो. जेपीजीत प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, आणि तिन्ही रंग २५५ ला टेकले की तिथे तंतूची माहितीच उरत नाही. एडिटरमध्ये हायलाइट (उजळ भाग) कितीही खाली ओढा, राखाडी डाग मिळतो. म्हणून काढतानाच मोबाइलवर कापसावर बोट टेकवून सूर्याची खूण खाली ओढायची. फोटो काळसर दिसला तरी चालतो, कारण सावल्या नंतर उजळता येतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६३८४ पायऱ्या असल्यानं तिथे जास्त जागा मिळते.

पीक नुकसानीचे फोटो मी वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि त्यांना एडिटरमध्ये उघडतही नाही. नुकसान भरपाई मागताना अशा फोटोचं वजन त्याच्या वेळेत आणि जीपीएसच्या आकड्यांत असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू आहे का, हे वावरात जायच्या आधी पाहावं.

छापायला देताना गोची होते ती आकाराची. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, ४ बाय ६ ची कॉपी ३:२. ४००० बाय ३००० चा फोटो तसाच दिला तर लॅबचं मशीन उंचीतले ३३३ पिक्सेल कापतं, आणि त्यात मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात. म्हणून ३:२ मध्ये आपणच कापून, एसआरजीबी या रंगपद्धतीत, ९० च्या वरच्या क्वालिटीनं द्यावं. व्हॉट्सअॅपचा १६०० पिक्सेलचा फोटो ६ इंचांवर इंचाला २६७ पिक्सेल देतो, चांगला येतो. तोच १२ बाय १८ च्या फ्रेमला दिला तर इंचाला ८९ उरतात आणि चेहरे मेणासारखे दिसतात. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो तिथे २२२ देतो, भिंतीवर लावायला तेवढं भागतं.

बॅकअपला दोन डिस्क आहेत, एक घरी आणि एक तालुक्याला नातेवाइकांकडे. त्यासाठी दोन फोल्डर जुळवणारं फ्रीफाइलसिंक वापरते, ‘अपडेट’ पद्धतीनं. ‘मिरर’ लावलं तर इकडे चुकून पुसलेला फोल्डर तिकडूनही पुसला जातो. कॅमेऱ्याच्या कार्डावरून कट-पेस्ट कधीच करायचं नाही: कॉपी करायची, दोन्हीकडची फाइलसंख्या आणि एकूण आकार जुळवायचा, मधले काही फोटो पूर्ण मोठे करून पाहायचे, दुसऱ्या डिस्कवर प्रत गेली की मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. त्याआधीच कार्ड फॉरमॅट झालं असेल तर त्यावर एकही नवा फोटो काढू नये आणि पुसलेले फोटो परत मिळवणारं फोटोरेक चालवावं. फोटो बहुधा परत येतात, पण बहुतेकांची मूळ नावं जातात, एक्झिफ मात्र टिकतं.